मशीनवर उभं राहून पारखलेली दुर्बीण

धाकटीचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी घराण्यात ती धाकटीच राहिली. कारण थोरली अजून ठणठणीत होती आणि थोरलीचा नवरा अजून बोलत होता. हा माणूस बोलतोय तोवर धाकटीला मोठं व्हायची सोयच नव्हती.

धाकटीची लॉन्ड्री होती. तीन मशीनं, एक इस्त्रीचं टेबल आणि एक नवरा. नवरा कपड्यांना चिठ्ठ्या लावायचा आणि ज्याचे कपडे त्याला द्यायचा, म्हणजे बहुतेक वेळा. धंदा बरा चालला होता. दुःख निराळंच होतं. धाकटीला आयुष्यात कधी काही दिसलं नव्हतं. दिसायचं ते नेहमी शेजारच्याला. उल्का पडली तेव्हा ती चष्मा पुसत होती. जंगलातल्या रस्त्यावर गाडीसमोरून हरीण आडवं गेलं तेव्हा ती मागच्या सीटवर थोरलीच्या पर्समध्ये डोकेदुखीची गोळी शोधत होती. प्राणिसंग्रहालयात वाघाच्या पिंजऱ्यासमोर ती पाय दुखेपर्यंत उभी राहिली, वाघ आत झोपलेला. पाणी प्यायला वळली तेवढ्यात वाघ बाहेर आला, जांभई दिली आणि परत आत गेला.

आणि दरवेळी शेजारी भाऊजी. थोरलीचा नवरा. त्यांनी सगळं बघितलेलं असायचं. धाकटी मान वर करायची आणि ते म्हणायचे, "आत्ताच गेला." उल्का असली तर गेली, हरीण असलं तर गेलं, एवढाच काय तो फरक. हे म्हणताना भाऊजींच्या तोंडावर जे समाधान पसरायचं ते भरपेट जेवून उठलेल्या माणसाच्या तोंडावरसुद्धा दिसत नाही. काही माणसांना बघण्यात सुख नसतं, दुसऱ्याला दिसलं नाही ह्यात असतं. अशा माणसांना लोक अनुभवी म्हणतात.

भाऊजी आणि थोरली एकदा देवमासे बघायच्या क्रूझवर जाऊन आले होते. भाऊजींना म्हणे नऊ देवमासे दिसले. सांगताना दरवेळी एखादा वाढायचा. यंदा परत जायचं ठरलं तेव्हा ते लॉन्ड्रीत आले, धुवायच्या चादरींच्या ढिगावर खुशाल बसले आणि म्हणाले, "धाकटे, तुम्ही दोघंही चला. मी दाखवतो तुला देवमासा."

"मी दाखवतो" हे शब्द धाकटीच्या डोक्यात गेले. देवमासा काय ह्यांनी खिशात ठेवलाय?

"येते," ती म्हणाली. "पण माझी मी बघेन."

"कशानं बघशील? नुसत्या डोळ्यांनी तुला समोरचं गिऱ्हाईक ओळखू येत नाही." भाऊजींनी पिशवीतून त्यांची दुर्बीण काढली. दुर्बीण कसली, दोन थर्मास शेजारी शेजारी बांधल्यासारखा प्रकार. "वीस पट. बाहेरच्या देशातून मागवली. तुला ह्यातूनच दाखवेन की."

धाकटीला ते कसं असतं हे पाठ होतं. दुर्बिणीचा पट्टा भाऊजींच्या गळ्यात, तिचं डोकं त्यांच्या काखेत, आणि ती डोळा लावेपर्यंत ते म्हणणार ते दोन शब्द. तिनं त्याच क्षणी ठरवलं. एक देवमासा, एकच, पण स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या दुर्बिणीतून, आणि ह्या माणसाच्या आधी.

आता दुर्बीण घ्यायची तर परवडणारी घ्यायची. क्रूझनंच खिसा धुऊन, पिळून वाळत टाकला होता. धाकटी नवऱ्याला घेऊन चौकातल्या दुर्बीणवाल्याकडे गेली. हा घड्याळं, कॅमेरे आणि थापा विकायचा. त्यातल्या थापा तेवढ्या फुकट.

"जहाजावर न्यायचीय ना? मग ही," त्यानं काचेखालून एक धूड उचललं. "वीस पट. तुमचा देवमासा मांडीवर येऊन बसेल."

नवऱ्याचे डोळे चमकले. नवरा आकड्यांना भुलायचा. साबण घेताना सुद्धा ज्याच्यावर मोठा आकडा तो उचलायचा. "वीस म्हणजे साडूइतकी झाली. एकवीस आहे का?"

"एकवीस नसते साहेब."

"मग बावीस?"

धाकटीनं धूड डोळ्याला लावलं. चष्म्यातून तिला काळोखात तरंगणारी एक बारीक गोल चकती दिसली आणि चकतीत समोरच्या इमारतीची एक वीट. वीट फार छान दिसत होती. पण वीट बघायला कोणी जहाजात बसत नाही.

"स्वस्तातली नाही का?"

दुर्बीणवाल्यानं आवाज खाली घेतला. स्वस्तातल्या मालाची गोष्ट निघाली की दुकानदार असे बोलतात जसं घरात कोणी आजारी आहे. "आहेत दोन. एक बारा पट, एक आठ पट. आठवाली आठ बाय बेचाळीस. आठ म्हणजे किती जवळ दिसणार, आणि बेचाळीस म्हणजे पुढची काच केवढी. पण खरं सांगू का ताई, आठ पट म्हणजे लहान मुलांचं काम."

"जहाज हलतं तेव्हा ह्यातली कुठली बरी?"

"सगळ्या बऱ्या."

हे उत्तर ऐकलं आणि धाकटीचं डोकं सटकलं. सगळ्या बऱ्या म्हणणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर विकायला बसलेला. "तिन्ही घरी नेते. बघते आणि एक घेते. बाकीच्या परत."

"असं नाही चालत ताई. माल दुकानाबाहेर जात नाही."

"बरं," धाकटी म्हणाली. "तुमचा तो निळा कोट माझ्याकडे आहे ना धुवायला? आज संध्याकाळी साखरपुड्याला घालायचाय म्हणाला होतात. तोही दुकानाबाहेर जात नाही."

दुर्बीणवाल्यानं धाकटीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. नवरा छताकडे बघत होता. लग्न होऊन इतकी वर्षं झालेल्या माणसाला कुठे बघायचं ते कळतं.

"संध्याकाळी परत आणाल ना?"

"कोटासकट."

तिन्ही दुर्बिणी लॉन्ड्रीत आल्या. आता प्रश्न असा की इथं जमीन हलत नाही. समुद्र काही गल्लीत येत नाही. नवरा म्हणाला मी तुला खांद्यावर घेऊन डोलतो. धाकटीनं त्याच्या खांद्यांकडे बघितलं आणि विषय तिथेच संपवला. तेवढ्यात खिडकीजवळचं मोठं मशीन कपडे पिळायला लागलं. हे मशीन पिळायला लागलं की अख्खी लॉन्ड्री हलायची. भिंतीवरचं घड्याळ पुढे जायचं, इस्त्री टेबलाच्या काठाकडे चालू लागायची, आणि एखादं नवीन गिऱ्हाईक भूकंप समजून बाहेर पळायचं.

धाकटीनं चपला काढल्या, स्टुलावर पाय ठेवला आणि मशीनवर चढली.

"अगं पडशील."

"धरा मला. घोट्याला धरा. पोटरीला नको, गुदगुल्या होतात."

समोर न्हाव्याचं दुकान होतं. धाकटीनं पहिल्यांदा वीस पटवाली लावली. न्हावी, त्याचा वस्तरा आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक ह्या सगळ्यांचा मिळून एकच लगदा झाला आणि तो लगदा उड्या मारायला लागला. बारा पटवालीतून दोन न्हावी दिसले, एकमेकांची दाढी करणारे. मग तिनं लहान मुलांचं काम डोळ्याला लावलं. रबराच्या कडा खाली दुमडल्या तर चष्म्यासकट बसली ती. आणि न्हावी दिसला. एकच. पुरा. त्याच्या फणीत अडकलेले केस दिसले. कानावर ठेवलेली पेन्सिल दिसली. न्हावी हलत होता, पण न्हावीच राहत होता.

"ही," धाकटी म्हणाली. मशीनबरोबर तिचा आवाजही थरथरत होता. "आठ पट."

"पण साडूची वीस आहे," नवरा खालून म्हणाला, घोटे धरून.

"तुमच्या साडूला लगदा बघू दे."

तेवढ्यात न्हाव्याची नजर वर गेली. समोरच्या खिडकीत लॉन्ड्रीवाली बाई हवेत तरंगत थरथरतेय, डोळ्याला दुर्बीण, रोखलेली थेट त्याच्यावर. त्याच्या हातातला वस्तरा थांबला. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक उठून बघायला आलं. न्हावी रस्ता ओलांडून आला तो तावातावानंच.

"काही तक्रार आहे का वहिनी? असेल तर तोंडावर सांगा."

"तक्रार नाही हो. देवमासा बघायचाय."

न्हाव्यानं आपल्या पोटावरून हात फिरवला. "मग मला का बघताय?" तो म्हणाला आणि फार दुखावून परत गेला. त्यानं पुढे आठवडाभर दुकानाचा पडदा लावून ठेवला.

संध्याकाळी कोट, दोन दुर्बिणी आणि आठ पटवालीचे पैसे घेऊन धाकटी दुकानात गेली. "ही पाण्यात भिजली तर चालते ना?"

"चालते म्हणजे काय," दुर्बीणवाला कोट अंगावर चढवत म्हणाला, "बिनधास्त चालते."

नवऱ्यानं समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या जगमध्ये ती अलगद सोडली. दुर्बीणवाल्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्यावरून त्याचा स्वतःच्या मालावर किती विश्वास होता ते कळलं. पण दुर्बीण इमानदार निघाली. पाण्यातून काढली, पुसली, आत थेंब नाही. धाकटीनं पैसे मोजून ठेवले. दुर्बीणवाल्यानं ते पाणी फेकून दिलं नाही, नंतर तोच प्यायला, कारण त्याच्या घशाला कोरड पडली होती.

त्यानंतर क्रूझचा दिवस येईपर्यंत धाकटीनं रोज सराव केला. मोठं मशीन पिळायला लागलं की ती वर. गुडघे सैल, कोपरं बरगड्यांना टेकलेली, श्वास धरलेला. पुढेपुढे घोटे धरायचीही गरज उरली नाही. गिऱ्हाईकं यायची, कपडे टाकायची, वर बघून "काय दिसतंय?" विचारायची. धाकटी रस्त्याच्या टोकाच्या पाटीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवायची. तिला वाटलं, आता समुद्र कितीही उसळू दे.

आणि समुद्र उसळलाच नाही.

जहाज म्हणजे तरंगणारी बारा मजली इमारत. आणि समुद्र कसा, तर इस्त्री केलेल्या चादरीसारखा, एक चुणी नाही. क्रूझच्या जाहिरातीत लाटा होत्या, लाटांवर सूर्य होता, सूर्यासमोर उडी मारणारा देवमासा होता. ह्या लोकांनी देवमासा सोडा, लाटासुद्धा दिल्या नाहीत. पैसे मात्र परत मागायची सोय नव्हती.

धाकटी कठड्याशी उभी राहिली, दुर्बीण डोळ्याला लावली, आणि तिचे गुडघे आपोआप हलायला लागले. आठवडेच्या आठवडे मशीनवर शिकलेलं अंग. मशीन डावीकडे जाईल म्हणून ते उजवीकडे जायचं. इथं मशीन नव्हतं, आणि अंग एकटंच डोलत होतं. दुर्बिणीत समुद्र वर, समुद्र खाली, मध्येच एका परक्या आजोबांचं नाक.

"बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" ते आजोबा म्हणाले.

"मला बरं वाटतंय. जहाजच हलत नाहीये," धाकटी म्हणाली. आजोबा दोन पावलं लांब सरकले.

भाऊजींनी मात्र तीन पायांचा स्टँड लावला होता. त्यावर ते थर्मास ठेवले होते. बिनलाटांच्या समुद्रात वीस पटवाली अशी चालत होती की धाकटीला आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"तो बघ फवारा," भाऊजी म्हणाले. "उजवीकडे. अगं उजवीकडे. पाठ निघाली, शेपूट..."

धाकटीनं वळून दुर्बीण लावली. वर. खाली. आजोबा.

"आत्ताच गेला," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी ओळखीच्या नसलेल्या लोकांना जमवून आपल्या दुर्बिणीतून देवमासा दाखवला, आणि धाकटीकडे बोट करून म्हणाले, "ही आमची मेव्हणी. हिनं लहान मुलांची आणलीय." लोक हसले. पैसे देऊन जहाजावर चढलेल्या माणसांना हसायला फार थोडं लागतं.

"अहो, तुम्ही तरी बघा," धाकटीनं नवऱ्याच्या हातात दुर्बीण दिली.

"तुला दिसेपर्यंत मी नाही बघणार," नवरा म्हणाला आणि त्यानं दुर्बीण परत तिच्या गळ्यात घातली. मग जरा वेळानं म्हणाला, "पण बावीस पट विचारायला हवी होती."

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी जहाज परत फिरणार होतं. त्या सकाळी भाऊजींनी नाश्त्याला टोमॅटोचं सूप स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. हातवारे करून देवमाशाची शेपूट दाखवत होते, तेव्हा.

थोरलीनं शर्ट धाकटीपुढे धरला. "खाली प्रवाशांसाठी कपडे धुवायची खोली आहे बघ. जरा टाकून ये ना. दुपारी कॅप्टनबरोबर फोटो आहे ह्यांचा. मला ती मशीनं कळत नाहीत, तुला काय, रोजचंच आहे."

धाकटीनं शर्ट घेतला. ती रागावली की बडबडायची. फार रागावली की गप्प बसायची. नवरा मुकाट्यानं मागे निघाला. सुट्टीवर येऊन, एवढे पैसे भरून, समुद्राच्या मधोमध, भाऊजींचा शर्ट धुवायचा. शेवटच्या दिवशी. देवमासे वरच्या डेकवर आणि ती तळाला.

खोली छोटी होती. गरम, ओलसर, साबणाच्या वासाची. तीन मशीनं, एक इस्त्रीचं टेबल. धाकटीला एकदम घरी आल्यासारखं वाटलं आणि त्याचा आणखी राग आला. तिनं शर्ट मशीनमध्ये कोंबला, डागाला साबण चोळला नाही, मुद्दाम, आणि बटण दाबलं. दोघंही बाकावर बसली. शर्ट एकटाच गरगरत राहिला.

"दुर्बीण विकून टाकू," धाकटी म्हणाली. "न्हाव्याला देऊ. त्याला बघू दे माझ्याकडे."

"तुझं काय बघणार तो?"

"हेच. मशीनसमोर बसलेली."

मशीन पिळायला लागलं. दणादण. खोलीतला बाक हलला, टेबलावरची इस्त्री काठाकडे निघाली. धाकटीनं सवयीनं मान वर केली. मशीनच्या वर, भिंतीत उंच, एक गोल खिडकी होती. तिच्या पायांनी तिला विचारलं नाही. चपला निघाल्या, बाकावर पाय पडला, आणि ती मशीनवर.

"अगं उतर. हे आपलं मशीन नाही."

"गप्प बसा."

गुडघे सैल झाले. कोपरं बरगड्यांना टेकली. अंगाखाली अंगाच्या ओळखीची थरथर आली आणि तीन दिवस भिरभिरलेलं सगळं जागच्या जागी बसलं. धाकटीनं दुर्बीण लावली. समोर राखाडी भिंत दिसली. ओली, ओरखड्यांची, पांढरे ठिपके चिकटलेली. तिला वाटलं जहाजाचाच काहीतरी भाग असेल. मग त्या भिंतीत एक डोळा उघडा दिसला.

डोळा शांत होता. सुरकुत्यांमध्ये बसलेला, म्हातारा, काळा. लॉन्ड्रीत कोणी कपडे न्यायला येतं, चिठ्ठी हरवलेली असते, आणि मुकाट्यानं उभं राहून वाट बघतं, तसा तो बघत होता. धाकटीकडे. काचेतून, मशीनवर उभ्या असलेल्या थरथरत्या बाईकडे.

धाकटीनं दुर्बीण हळूच खाली केली तेव्हा पुरा देवमासा दिसला. जहाजाच्या अगदी कडेला, लांबच्या लांब, बसपेक्षाही मोठा, काही घाई नसलेला. तिनं दुर्बीण परत वर केली. परत डोळा. परत खाली, परत सगळा. असं तिनं कितीदा केलं कोणास ठाऊक. नाक वाहायला लागलं होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली. "शेजारच्या मशीनवर चढा."

"ते चालू नाहीये."

"चालू करून चढा."

नवऱ्यानं रिकामं मशीन चालू केलं आणि गुडघ्यांवर चढून खिडकीच्या काठावर हनुवटी टेकवली. ते मशीन आधी पाणी भरत बसलं, पण त्याला त्याचं काही नव्हतं. दोघांची डोकी त्या गोल काचेत जेमतेम मावत होती. देवमाशानं फवारा सोडला, काचेवर पाणी उडालं. मग पाठ वाकली, फार सावकाश, आणि शेवटी शेपूट वर आली, थांबली, आणि आवाज न करता आत गेली.

"एवढा?" नवरा म्हणाला.

"एवढा."

"मग आठ पट पुष्कळ झाली."

मशीन थांबलं. वरून पायऱ्यांवर धपधप आवाज आला. दारात भाऊजी उभे होते, नाइट ड्रेसचा सदरा घालून, काखेत तीन पायांचा स्टँड. घाम आलेला. "झाला का माझा शर्ट? वर काही नाही आज. सगळे डाव्या बाजूला उभे आहेत, डोळे फुटायची वेळ आली." मग त्यांनी नीट बघितलं. दोन मशीनं. दोन मशीनांवर दोन माणसं. दोघांची नाकं काचेला. "काय चाललंय तुमचं? काय बघताय?"

त्यांनी स्टँड टाकला, बाकावर चढले, धाकटीच्या काखेखालून डोकं घातलं आणि काचेला डोळा लावला. बाहेर इस्त्री केलेली चादर. तिच्यावर एक गोल चुणी, हळूहळू पसरत निघालेली.

धाकटी खाली उतरली. चपला घातल्या. मशीनचं दार उघडून शर्ट काढला. सूप होतं तिथेच होतं, फक्त आता ते गुलाबी आणि जरा मोठं झालं होतं. तिनं शर्ट झटकला, शर्टानंच मशीनवरचे आपल्या पावलांचे ठसे पुसले, नीट घडी घातली आणि भाऊजींच्या हातात दिला.

"आत्ताच गेला," ती म्हणाली.